मोटारीवरचा लाडक्या

पाड्यातला भिका अंगणात आला आणि ओट्यावर न टेकता लांबच उभा राहिला, तेव्हाच रामीनं हातातलं सूप खाली ठेवलं. एरवी हा माणूस आल्याआल्या चुलीपाशी जाऊन विडी पेटवायचा. आज त्याच्या हातात घोंगडी होती. घडी केलेली, सुतळीनं बांधलेली. रामीनं ती लांबूनच ओळखली, कारण तिच्या काठाला ठिगळ लावलेलं होतं ते तिनंच.

मोखाड्याच्या बाजारात शेठच्या दुकानातल्या गड्यानं दिली, असं भिकानं सांगितलं. लाडक्याची आहे, घरी नेऊन दे, एवढंच तो म्हणाला आणि पुन्हा तराजूकडे वळला. भिकाला आणखी काही विचारायचं सुचलं नाही. घोंगडीच्या घडीत काहीतरी ताठ लागत होतं, तेही त्यानं उघडून पाहिलं नव्हतं. त्याचा धीर झाला नव्हता.

लाडक्या म्हणजे रामीचा नवरा. दिवाळी झाल्यावर तो जव्हारच्या छगनशेठच्या मोटारीवर लागला होता. माल वाहायची मोटार, डहाणूच्या स्टेशनावरून मीठ, घासलेट, कापड, चुना घेऊन जव्हारला यायची. तिथून राजाची हद्द ओलांडून इंग्रजांच्या मुलखात, मोखाड्याला आणि खोडाळ्याला. चढावर तिला मागून रेटायचं, थांबली की चाकाखाली धोंडा द्यायचा, तहान लागली की तिच्या तोंडात पाणी ओतायचं, हे लाडक्याचं काम. शिमग्याला येतो म्हणून गेला होता. शिमगा अजून पंधरा दिवस लांब होता, आणि घोंगडी एकटीच आली होती.

सासऱ्यानं, नवसूनं, सुतळी सोडली. आतून पुठ्ठा निघाला. नवसूनं तो उलटा धरला, मग सुलटा केला, आणि खाली बसला.

आता तो फोटो होता हे आज शेंबडं पोरही सांगेल. शेठनं नवी मोटार मिरवायला म्हणून नाशिकहून फोटोवाला आणवला, मोटारीवरच्या माणसांना एकेक प्रत दिली, यात विशेष ते काय. पण सूर्यमाळच्या वरच्या अंगाला, रामीच्या आवळपाड्यात, कुणी फोटो पाहिलेला नव्हता, आणि त्यांना हसायचा कुणाला काही अधिकार नाही. त्यांना माणसाचं चित्र ठाऊक होतं. चांगलं ठाऊक होतं. या डोंगरात माणसाचं चित्र एकदाच निघतं, तो मेल्यावर. लाकडाच्या फळीवर त्याला घोड्यावर बसलेला कोरतात, त्याच्या एका अंगाला सूर्य आणि दुसऱ्या अंगाला चंद्र. त्याला वीर म्हणतात. फळी पाड्याच्या कडेला झाडाखाली उभी केली, कोंबडा दिला, की मेलेल्याला बसायला जागा होते. तोवर तो फिरत राहतो. फिरून फिरून आपल्याच घरी येतो आणि घरातलं सगळ्यात लहान माणूस उचलतो.

पुठ्ठ्यावर लाडक्या उंच जागी बसलेला होता, हातात एक चक्र धरून. घोडा नव्हता, पण घोड्यापेक्षा मोठं काहीतरी होतं, चार चाकांचं, पाठीवर पोती आणि डबे लादलेलं. लाडक्याच्या दोन्ही अंगांना दोन वाटोळे दिवे होते. एकावर ऊन पडून तो लखलखीत पांढरा झालेला, दुसरा अर्धा काळा, अर्धा उजळ. सूर्य आणि चंद्र. नवसूनं एकावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर, आणि बोट तिथंच राहिलं.

रामी बघत राहिली. तोंड लाडक्याचंच होतं, भुवईवर विळा लागलेला वणसुद्धा होता. पण रंग राखेचा. डोळे उघडे आणि ठार थिजलेले. ज्या माणसाचं तोंड झोपेतसुद्धा गप्प राहत नसे, त्याचं तोंड शिवल्यासारखं बंद होतं. आणि कमरेखाली, जिथं पाय असायला हवेत तिथं, मोटारीचा पत्रा होता.

"पाय नाय," ती म्हणाली.

रडारड झाली नाही. रडायचं तर नाव घ्यावं लागतं, आणि जागेवर न बसलेल्या मेलेल्याचं नाव तोंडातून काढलं की तो हाक समजून येतो. म्हणून पाड्यातल्या बायका आल्या, रामीच्या भोवती बसल्या आणि मुकाट्यानं उठून गेल्या. घोंगडी नवसूनं बाहेरच्या मेढीला टांगली. पुठ्ठा त्यानं कणगीमागं उलटा करून ठेवला.

तिसऱ्या दिवशी राहीला ताप भरला. राही त्यांची मुलगी, चार वर्षांची. दिवसभर उन्हात उंडारणारी पोर चुलीपाशी मुटकुळं करून पडली आणि संध्याकाळी बरळायला लागली. बरळताना ती 'बा' म्हणाली. ताप आलेली पोरं बापाला हाक मारतातच, पण रामीला ती हाक नाव घेतल्यासारखीच वाटली. तिनं पोरीच्या तोंडावर हात ठेवला, आणि आपण काय करतोय हे कळल्यावर तो झटकन काढला.

येसू भगत आला. सुपात तांदळाचे दाणे टाकून त्यानं मोजले, पुन्हा टाकले, पुन्हा मोजले. तो काही ढोंगी माणूस नव्हता. तोही घाबरला होता, आणि भ्यालेल्या माणसाला दाणे भीतीच दाखवतात. बाहेरचं कुणी नाही, घरचंच माणूस आहे, असं तो म्हणाला. तहानलेलं आहे, घराभोवती फिरतं आहे. त्याला बसवा, म्हणजे पोरीला सोडील.

त्या रात्री रामीनं मनात सगळं मांडून पाहिलं आणि कुठूनही तिची सुटका होईना. तो मेला असेल आणि वीर बसवला नाही, तर राही जाईल. तो जिवंत असेल आणि वीर बसवला, तर तो आपल्याच घराला कायमचा परका होईल. वीर बसलेल्या माणसाला घर नसतं, ताट नसतं, बायको नसते. बसवलेला वीर उठवता येत नाही. तसं कुणी कधी केलेलं नव्हतं, कुणाला त्याची रीतच माहीत नव्हती. सकाळी ती सासऱ्याला म्हणाली, मामा, एकदा मोखाड्याला जाऊन बघून या.

नवसू गेला. पण विचारणार कसं? नाव तर घ्यायचं नाही. दुकानासमोर तो बराच वेळ उभा राहिला. मोटार कुठं दिसली नाही. कापडाच्या गठ्ठ्यावर बसलेला एक माणूस दुसऱ्याला सांगत होता की शेठची मोटार मागं घाटात कलंडली होती. एवढं नवसूनं ऐकलं. मग दुकानात डोकावून पाहिलं तर भिंतीवर तेच चित्र, त्यापेक्षा चौपट मोठं, आणि त्याला झेंडूचा हार, कुंकवाची बोटं, खाली उदबत्ती. मोटार दरीत न जाता बचावली म्हणून शेठनं तिच्या फोटोची पूजा घातली होती, पण हे नवसूला कोण सांगणार? तिथं कुणी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो तसाच पाठमोरा झाला आणि बारा कोस चालल्यासारखा थकून घरी आला.

"त्यांनी पन पुजलाय," तो म्हणाला. रामीनं मग पुढं विचारलं नाही.

वीर नवसूनं स्वतःच कोरला. पाड्यात सुतारकामाला त्याच्यासारखा हात दुसरा नव्हता. इतरांच्या मुलांचे वीर त्यानं कोरले होते, तेव्हा काम करताना तो तंबाखू मागायचा, गप्पा मारायचा. आता सागाची फळी घेऊन तो सगळ्यांकडे पाठ करून बसायचा आणि पटाशीचा आवाज तेवढा यायचा. घोडा कोरायचा की मोटार, यावर दोन दिवस वाद झाला. भिकाचं म्हणणं, जो ज्याच्यावर गेला ते कोरावं. येसू भगत म्हणाला की मोटारीला घासलेट लागतं, तिकडे ते कोण घालणार, घोडा चरून तरी खाईल. त्यावर कुणी हसलं नाही. घोडाच ठरला.

राहीचा ताप चढत उतरत होता. रामी तिला मांडीवर घेऊन बसायची आणि तिचं लक्ष दाराकडे असायचं. कुडावर पाल सरकली, मेढीवरची घोंगडी वाऱ्यानं हलली, की ती पोरीला आणखी जवळ ओढायची. पाच वर्षं ज्या माणसाच्या पायांचा आवाज ऐकायला ती उतावीळ व्हायची, तोच आवाज आता ऐकू येऊ नये म्हणून ती देवाला विनवत होती. याची तिला लाज वाटायची. पण भीती लाजेपेक्षा मोठी होती.

शिमग्याला दोन दिवस उरले असताना, भर दुपारी, पाड्याच्या कडेच्या हिरड्याखाली सगळे जमले. ऊन असं की धोंड्याला हात लावता येत नव्हता. नवसूनं फळी खड्ड्यात उभी केली आणि पायानं माती दाबली. फळीवर लाडक्या घोड्यावर बसला होता. नवसूनं त्याच्या भुवईवरचा वणसुद्धा कोरला होता. येसूनं शेंदूर लावला, कोंबडा कापला, रक्ताचे थेंब फळीच्या पायाशी सोडले. राहीला पदराखाली घेऊन रामी दोन हात अंतरावर उभी होती. आता नाव घ्यायचं, पहिल्यांदा आणि मोठ्यानं, म्हणजे तो येऊन बसेल. येसूनं डोळे मिटले.

"लाडक्या, नवसूच्या पोरा, ये. तुझी जागा केली हाय. ये, बैस."

खाली उताराला वाळलेला पाला वाजला. सगळ्यांच्या आधी भिकानं मान वळवली, आणि त्यानं शेजारच्याचा दंड पकडला.

उतारावरून लाडक्या वर येत होता.

डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. अंगात कधी न पाहिलेला लांब कोट, पायात काळं, जड काहीतरी, आणि त्यामुळं चाल माणसाची नव्हेच, पाऊल उचलून आपटत, उचलून आपटत. पाड्यातलं कुत्रं त्याच्याकडे धावत गेलं आणि भुंकलं नाही. कुणीतरी पुटपुटलं की भूत पाहिलं की कुत्र्याची वाचा जाते. माणसं मागं सरली, बायकांनी पोरांची तोंडं पोटाशी दाबली. तो तीस-चाळीस पावलांवर थांबला, धापा टाकत, आणि त्यानं रामीकडे पाहिलं.

"रामे," तो म्हणाला. आवाज घोगरा, कोरडा. "पाणी दे गो."

मेलेलं माणूस पहिलं पाणी मागतं. हे पाड्यात सगळ्यांनाच ठाऊक होतं. फागुनातल्या दुपारी खोडाळ्याहून डोंगर चढून आलेलं जिवंत माणूसही पहिलं पाणीच मागतं, पण ते त्या वेळी कुणाला आठवणार? येसूचा आवाज फाटला. घरच्या माणसानं हाकला त्याला, तो ओरडला, घरच्यानंच, नाहीतर तो फळीवर बसायचा नाही, पोरीवर बसेल. नवसूनं धोंडा उचलला. उचललेला हात वरच राहिला, आणि धोंडा त्याच्या पायाशीच पडला.

पांढरा माणूस हसला. पोर दिसली होती त्याला. त्यानं दोन्ही हात पुढं केले आणि पाऊल टाकलं.

"राही," तो म्हणाला.

रामीनं धोंडा कधी उचलला ते तिला नंतरही सांगता आलं नसतं. लहानपणापासून तिनं शेतातली पाखरं हाकलली होती, तिचा नेम चुकत नसे. धोंडा त्याच्या तोंडावर बसला. तो वाकला, दोन्ही हात तोंडाशी नेले, आणि मग भिकाचा धोंडा, मग आणखी कुणाचा, मग सगळ्यांचेच. तो वळला आणि आला तसा उतारावरून खाली गेला, अडखळत, एकदा गुडघ्यावर पडून. त्यानं पुन्हा हाक मारली नाही.

येसूनं फळीवर तांदूळ टाकले आणि बसला, बसला, असं दोनदा म्हणाला. बायका मोकळेपणी रडायला लागल्या. राही पदराखालून बाहेर बघत होती. रामीनं तिच्या कपाळाला हात लावला, तर ते घामानं ओलं होतं. ताप उतरत होता. खरं तर तिनं तेव्हा हात जोडायला हवे होते.

पण तिचे डोळे उतारावर होते. वाळलेल्या गवतावर, तो उभा होता तिथं, काहीतरी काळं चमकत होतं. पोरीला तिनं नवसूच्या हातात दिलं आणि ती खाली गेली. मागून कुणी हाक मारली ती तिनं ऐकली नाही. गवतावर रक्त होतं. कोंबड्याचं म्हणावं तर कोंबडा इथून किती लांब कापला. तिनं बोट लावलं. ऊन ऊन होतं, बोटाला चिकटत होतं. पलीकडे आणखी एक थेंब होता, त्याच्या पुढं आणखी. धोंडाही तिथंच पडला होता, एका अंगानं लाल. तिनं तो उचलला.

"मामा," ती वर बघून म्हणाली, "याला रगत हाय."

नवसूनं ऐकलं. त्यानं नातीचं डोकं आपल्या खांद्यावर दाबलं आणि दुसरीकडे तोंड फिरवलं. तो तरी काय म्हणणार? वीर बसला होता, नाव घेतलं होतं, कोंबडा दिला होता. रामी थेंबांच्या मागं खाली पळाली.

तो झऱ्यापाशी सापडला. झरा कसला, या दिवसांत नुसता ओला दगड, वाटी भरायला घटका लागावी असा. तो ओंजळीत पाणी साठवून तोंडावर मारत होता. चेहऱ्याची एक बाजू धुतली गेली होती, तिथं सावळा लाडक्या होता. दुसरी बाजू अजून चुन्यानं पांढरी होती. वरचा ओठ फाटला होता आणि पुढचा एक दात नव्हता. पाऊल वाजलं तसा त्यानं चमकून पाहिलं. रामी दिसली, तिच्या हातातला लाल धोंडा दिसला, आणि त्यानं दोन्ही हात डोक्यावर घेतले.

"नको मारू," तो म्हणाला. "जातो मी. जातो."

रामीच्या हातून धोंडा गळला. तिला वाटलं, हा धोंडा आपल्याला लागला असता तर किती बरं झालं असतं. ती त्याच्यापासून चार हातांवर खाली बसली आणि बोलायला लागली. घोंगडी, पुठ्ठा, सूर्य, चंद्र, नसलेले पाय, पोरीचा ताप, शेठच्या भिंतीवरचा हार. सगळं उलटसुलट. तो ऐकत होता. मधेच हसायला गेला, ओठ दुखला म्हणून थांबला. घोंगडी त्यानंच पाठवली होती. शेठनं कोट आणि बूट दिले, थंडी सरली, आता घोंगडीचं ओझं कशाला, म्हणून. चित्र पाठवलं ते पोरीला बघायला. डायवरच्या जागी बसवून फोटोवाला म्हणाला होता, हलू नको, पापणी लववू नको, म्हणून तो तसा बसला होता. आज चुन्याची पोती खाली करून अंग न धुताच निघाला, कारण घरी यायची घाई होती.

"तुझा वीर बसवला," रामी शेवटी म्हणाली. "आता. नाव घेऊन."

त्याच्या तोंडावरचं हसू गेलं. तोही याच पाड्यातला होता. वीर बसवणं म्हणजे काय ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यानं आपल्या हाताकडे पाहिलं, उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

मोटार घाटात कलंडली, तो सावकाश सांगायला लागला. तो फेकला गेला, दगडावर. पुढचं त्याला आठवत नव्हतं. डोळे उघडले तेव्हा डायवर तोंडावर पाणी मारत होता. डायवर म्हणाला, तू मेला होतास, श्वास नव्हता, आम्ही तर खड्डा कुठं खणायचा ते बघत होतो. तेव्हा सगळे हसले होते. लाडक्याही हसला होता.

"तवा मी उठलो," तो म्हणाला, "का नाय उठलो?"

"रगत हाय तुला. बघ." तिनं आपलं बोट त्याच्यापुढं धरलं. "मेलेल्याला रगत नसतां."

तो त्या बोटाकडे बघत राहिला. त्याला ते पटावं असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं, आणि पटत नव्हतं हेही दिसत होतं. रामीनं त्याचा हात धरला. हात खरखरीत होता, तापलेला होता, त्याची नाडी तिच्या अंगठ्याखाली उडत होती. चल, ती म्हणाली. येसू काय म्हणतो ते बघू, पाडा काय म्हणतो ते बघू, मीच हाकललं, मीच घेऊन जाते. मामा काही बोलायचे नाहीत. चल घरी.

तो उठता उठता थांबला.

"पोरीला ताप कवा आला?"

"चित्र आलां, त्याच्या तिसऱ्या दिवशी."

"आनि उतरला कवा?"

खोटं सांगायला हवं होतं, पण ते तिला वेळेवर सुचलं नाही. लाडक्यानं तिच्या तोंडावरून उत्तर वाचलं. मला धोंडा बसला तेव्हा, असं त्याच्या मनात आलं असणार, कारण तिच्याही मनात तेच आलं. तो पुन्हा दगडावर बसला आणि पाय जवळ ओढून घेतले, डोंगराच्या अंगाला, पाड्यापासून जितकं लांब होता येईल तितकं लांब होऊन.

"मग मना घरी नको नेऊ," तो म्हणाला.

रामीनं दोन्ही हातांनी त्याचा हात ओढला. तासापूर्वी त्याला घराबाहेर ठेवायला तिनं सगळा जोर लावला होता, आता तेवढाच जोर लावून ती त्याला आत न्यायला बघत होती. ती रडत होती, त्याला शिव्या देत होती, राहीची शपथ घालत होती. तो जागचा हलला नाही.